घरचा आवाज व त्याचें ध्वनिमुद्रण

गेल्या दिवाळीच्या सुटींत हातकणंगल्यास घरीं गेलों असतां माझ्या पुतण्यानें मला एक साधा प्रश्न विचारला. तो गेलीं चार वर्षें ख्यालगायन शिकत आहे. आपलें गाणें घरींच मुद्रित करून ऐकत जावें, म्हणजे स्वतःच्या चुका स्वतःस कळतात, असें त्याच्या गुरुजींनीं त्यास सांगितलें होतें. "काका, खिशाला परवडेल असा कोणता मायक्रोफोन घेऊं?" एवढाच त्याचा प्रश्न. इतिहास शिकविण्यांत ज्याची हयात गेली त्यास असें कांहीं विचारणें म्हणजे विहिरीची वाट विचारावी आणि गंगेचें माहात्म्य ऐकावें लागावें, असा प्रकार होतो. आणि तसाच तो झाला. परंतु उत्तर शोधतां शोधतां माझ्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न केवळ दुकानांतील खरेदीचा नाहीं. आवाज धरून ठेवण्याच्या ज्या युक्त्या माणसानें गेल्या दीडशें वर्षांत काढल्या, त्यांचा आमच्या ह्या मुलखांतील गाण्याशीं फार निकटचा संबंध आहे. कोणता आवाज राहिला, कोणता गेला, आणि कां गेला, हें पाहिल्याखेरीज त्या मुलास सरळ उत्तर देणें मला शक्य झालें नाहीं. त्याच घरांत माझी चौऱ्यायशीं वर्षांची आत्याहि राहते. तिचा ह्या गोष्टीशीं काय संबंध, तें पुढें येईलच.

नकाशावर पाहिल्यास हातकणंगले हें मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील एक लहानसें स्टेशन. हा मार्ग १८९१ सालीं सुरू झाला. गाडीनें पश्चिमेकडे निघालें तर थोड्याच वेळांत कोल्हापूर लागतें, पूर्वेकडे निघालें तर मिरज. दक्षिणेस हाकेच्या अंतरावर इचलकरंजी, आणि तेथून पूर्वेकडे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ कुरुंदवाड. चार दिशांची हीं चार गांवें. परंतु हिंदुस्थानी संगीताचा इतिहास ज्यास थोडाबहुत ठाऊक आहे, त्याला हीं नांवें ऐकतांच चार थोर गवई आठवतील. आणि गंमत अशी कीं, ह्या चौघांच्या आवाजांचें पुढें काय झालें, एवढें जरी सांगितलें, तरी ध्वनिमुद्रणाचा अर्धा इतिहास सांगून होतो.

प्रथम इचलकरंजीचें नांव घेतलें पाहिजे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनीं वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं राहून, पडेल तें काम करून, ग्वाल्हेरची गायकी संपादन केली व ती महाराष्ट्रांत आणून रुजविली. विष्णु दिगंबर पलुसकर, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा हे त्यांचे शिष्य. बुवांच्या गाण्याविषयीं आज आपणांस जें कळतें तें ह्या शिष्यपरंपरेच्या गळ्यांतून. शतकानुशतकें आपल्या देशांत आवाज सांठविण्याचें हेंच एक साधन होतें. साधन उत्तम खरें. यंत्र जें ठेवूं शकत नाहीं, म्हणजे रागाची समज, चिजेची घडण, बोलण्याची रीत, तें सर्व तें ठेवतें. परंतु शिष्य आपल्या मगदुराप्रमाणें कांहीं गाळतो, कांहीं भर घालतो. आणि गुरूचा प्रत्यक्ष आवाज, त्याचा श्वास, त्याच्या स्वराचा पोत, हें मात्र गुरूबरोबर जातें.

हा प्रत्यक्ष आवाज ठेवण्याची युक्ति १८७७ सालीं एडिसननें काढली. दहा वर्षांनीं बर्लिनरनें गोल चपटी तबकडी आणून तिला बाजाराचें रूप दिलें. हिंदुस्थानांत ही विद्या १९०२ च्या नोव्हेंबरांत आली. फ्रेड गाइसबर्ग नांवाचा तज्ज्ञ आपलें सामान घेऊन कलकत्त्यास उतरला, आणि तेथें गौहरजान हिचीं गाणीं त्यानें मुद्रित केलीं. गाण्याच्या शेवटीं ती आपलें नांव इंग्रजींत उच्चारी, हें पुष्कळांनीं ऐकलें असेल. तो तिचा तोरा नव्हता. मुद्रित मेण जर्मनींत हॅनोव्हर येथें जाई व तेथें तबकड्या निघत. तेथील कारागिरांस कोणतें गाणें कोणाचें हें समजावें म्हणून ती तजवीज होती.

त्या काळीं मायक्रोफोन नव्हता. होता तो कर्णा. गवयानें कर्ण्याच्या रुंद तोंडापाशीं तोंड न्यावयाचें आणि सर्व बळ एकवटून गावयाचें. त्या आवाजाच्या दाबानें कर्ण्याच्या बारीक टोकास बसविलेला पडदा हाले, पडद्यास लावलेली सुई हाले, आणि ती फिरत्या मेणावर रेघ ओढी. विजेचा संबंध कोठेंहि नाहीं; गवयाच्या छातीचा जोर हीच शक्ति. सेकंदास सुमारें २५० पासून २५०० पर्यंत कंपनें असलेलाच आवाज काय तो ह्या चाळणींतून खालीं उतरे. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या पुष्कळ खालीं राही, आणि स-श-फ ह्या वर्णांची सळसळ पुष्कळ वर. तार सप्तकांत तान जाऊं लागली कीं मेण फाटूं नये म्हणून गवयास मागें ओढीत, आणि खालच्या स्वरास पुन्हां पुढें ढकलीत. हें सर्व तीन मिनिटांत आटपावयाचें. जो ख्याल मैफलींत तासभर चाले, त्याची ही अशी पुडी बांधली जाई.

ह्या कर्ण्यापुढें कुरुंदवाडचा गवईहि आला. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ, ज्यांस लोक भूगंधर्व म्हणत, ते सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांच्या आश्रयास राहिले आणि १९२२ सालीं कुरुंदवाड येथें वारले. त्यांच्या उतारवयांत त्यांच्या गाण्याच्या कांहीं तबकड्या निघाल्या. वय झालेलें, मन विस्कटलेलें, समोर टिनपाटाचा कर्णा, आणि मेणाची खरखर तर सर्वांवर पसरलेली. ज्यांनीं त्यांस ऐन भरांत ऐकलें होतें त्यांना त्या तबकड्या ऐकवल्या नसतील, असें मला वाटतें. परंतु आज आपण काय म्हणतों? त्या खरखरीखालीं कान लावून बसतों, आणि स्वर लागतांच अंगावर कांटा उभा राहतो. यंत्र दरिद्री होतें. तरी त्यानें रहिमतखाँ राखला. हा पहिला धडा मीं पुतण्यासाठीं बाजूस काढून ठेवला.

मायक्रोफोन ह्या वस्तूचा जन्म गाण्यासाठीं झालेला नाहीं. तो टेलिफोनसाठीं झाला. १८७८ सालीं ह्यूजनें दाखवून दिलें कीं, कोळशाच्या सैल तुकड्यांतून विजेचा प्रवाह सोडला आणि त्यांवर आवाज पडला, म्हणजे दाब कमीजास्त होऊन प्रवाहहि त्याप्रमाणें कमीजास्त होतो. हा कोळशाचा मायक्रोफोन बोलणें कळण्यापुरता ठीक होता; गाण्याच्या दृष्टीनें तो कर्ण्याचाच भाऊ. खरी क्रांति केली ती १९१६ सालीं वेंट या अमेरिकन शास्त्रज्ञानें. त्याच्या यंत्रांत धातूचा एक अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागें केसभर अंतरावर एक पक्की पट्टी होती. पडदा थरथरला कीं दोहोंतील अंतर बदलतें व त्याबरोबर विजेचा भार बदलतो. हाच कंडेन्सर मायक्रोफोन. त्याच्या जोरावर १९२५ सालीं अमेरिकेंत विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें. चाळणीचीं भोकें एकदम रुंदावलीं. वरची मर्यादा पांच-सहा हजार कंपनांपर्यंत गेली, खालची शंभराच्याहि खालीं उतरली. गवयास आतां ओरडावयाचें कारण उरलें नाहीं.

ह्या फरकाचा उत्कृष्ट दाखला मिरजेस सांपडतो. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांचा आवाज बारीक, नाजूक, स्वरास हळुवारपणें हात लावणारा. त्यांनीं १९०५ च्या सुमारास कर्ण्यापुढें गाऊन तबकड्या दिल्या, आणि पुढें १९३४ ते १९३६ च्या दरम्यान ओडियन कंपनीसाठीं मायक्रोफोनपुढें गाऊन दिल्या. गवई एकच, परंतु आज त्यांचें नांव घरोघर ठाऊक आहे तें ह्या दुसऱ्या तबकड्यांमुळें. वय साठीच्या पुढें गेलेलें होतें, तरीहि. कारण त्यांच्या गाण्याचें सर्वस्व जें स्वर आणि श्रुति यांच्या सूक्ष्म कंपनांत होतें, तें पकडणारें यंत्रच कर्ण्याच्या काळीं नव्हतें. कर्णा जबरदस्त आवाजावर प्रसन्न होता. मायक्रोफोननें प्रथमच नाजूक आवाजासहि न्याय दिला. हा दुसरा धडा: यंत्र चांगलें कीं वाईट हा प्रश्न अपुरा आहे, कोणत्या आवाजास चांगलें, हें विचारावयास हवें.

आतां कोल्हापूर. १८९५ च्या सुमारास उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या आश्रयास आले, आणि जयपूर घराण्याची अवघड, पेचदार गायकी ह्या करवीरनगरींत वाढली. खाँसाहेब नव्वदीपर्यंत जगले. कर्ण्याचा सर्व काळ त्यांनीं पाहिला, आणि विजेच्या ध्वनिमुद्रणाचींहि वीस वर्षें पाहिलीं. तबकड्यांच्या कंपन्या होत्या, आकाशवाणी होती, मायक्रोफोन होते. तरीहि त्यांनीं आपलें गाणें एकाहि तबकडीवर ठेवूं दिलें नाहीं. आपली विद्या भलत्याच्या हातीं पडेल, ही धास्ती त्या वेळच्या घराणेदार गवयांस सामान्यतः असे. आणि तीन मिनिटांत काय गावयाचें, हाहि प्रश्न असे. कारणें कांहींहि असोत, परिणाम एकच. ज्यांचा आवाज ठेवण्यास सर्व साधनें सिद्ध होतीं, त्यांचा आवाज आज नाहीं.

त्याच खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांनींहि तबकड्यांस हात आखडताच दिला. परंतु दिल्या त्यांपैकीं भैरवीची एक, अवघ्या साडेतीन मिनिटांची, १९७७ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडींत घातली गेली. यानें त्या वर्षाच्या ऑगस्ट-सप्टेंबरांत निघालीं, आणि १६ सप्टेंबरास केसरबाई निवर्तल्या. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या, कोल्हापूरची विद्या ल्यालेल्या त्या बाईंचा आवाज आज सूर्यमंडळाच्या सीमेपलीकडे गेला आहे. आणि त्यांच्या गुरूचा आवाज मात्र कोल्हापुरांतहि ऐकावयास मिळत नाहीं. दोहोंमध्यें अंतर पडलें तें साडेतीन मिनिटांचें. तिसरा धडा मीं येथें लिहून ठेवला, आणि तो लिहितांना माझा हात थोडा थांबला. कां, तेंहि सांगतों.

तत्पूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे कीं, मायक्रोफोननें आवाज नुसता सांठविला नाहीं, तर घडविलाहि. १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी निघाली, आणि १९३२ सालीं तिचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट बाहेर पडला. त्यांत गोविंदराव टेंबे यांनीं हरिश्चंद्राची भूमिकाहि केली व संगीतहि दिलें. त्या वेळीं पार्श्वगायनाची पद्धत नव्हती. नट चित्रीकरण चालू असतांनाच गात, आणि मायक्रोफोन चित्रांत दिसूं नये अशा बेतानें लपवावा लागे. संगीत नाटकांत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचविण्याची ज्यांस संवय, त्यांना आतां हातभर अंतरावरील एका कानांत गावयाचें होतें. तबकड्यांवरहि तीच गोष्ट. जी. एन. जोशी, जे. एल. रानडे, गजाननराव वाटवे यांचें भावगीत फुललें तें १९३० नंतरच. कारण कुजबुजीइतकें हळू गाइलेलें हजारों घरांत ऐकूं जाईल, ही सोय तोंवर नव्हतीच. १९२७ सालीं मुंबईचें आणि १९६३ सालीं सांगलीचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. सांगली केंद्र तर आमच्या घराच्या माजघरांतच नांदत होतें, असें म्हटलें तरी चालेल.

परंतु ह्या सर्व काळांत मायक्रोफोन ही कंपनीची, स्टुडिओची, सरकारची वस्तु होती; गृहस्थाच्या आवांक्यांतील नव्हती. नॉयमान या जर्मन कारागिरानें १९२८ सालीं काढलेला बाटलीच्या आकाराचा कंडेन्सर, किंवा १९३१-३२ च्या सुमाराचा अमेरिकन रिबन मायक्रोफोन, हीं घरांत ठेवण्याचीं यंत्रें नव्हेत. घरापर्यंत तो आला तीन पायऱ्यांनीं. पहिली पायरी डायनॅमिकची: पडद्यास तारेचें वेटोळें चिकटवून तें लोहचुंबकांत हलतें ठेवलें, कीं वीज आपोआप उत्पन्न होते. हें यंत्र दणकट, धक्का खाणारें, बाहेरच्या विजेची गरज नसलेलें. दुसरी पायरी १९३९ ची. मागून येणारा आवाज गाळून समोरचाच घेणारा स्वस्त मायक्रोफोन शुअर कंपनीनें त्या वर्षीं काढला. १९६६ पासून जगांतील प्रत्येक व्यासपीठावर दिसणारा त्या कंपनीचा 'एसएम ५८' हा त्याचाच वंशज. तिसरी पायरी १९६२ ची. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सेसलर व वेस्ट या दोघांनीं विजेचा भार स्वतःतच कायम धरून ठेवणारा पापुद्रा तयार केला. त्यास इलेक्ट्रेट म्हणतात. त्यामुळें कंडेन्सर इतका लहान व स्वस्त झाला कीं, पुढें प्रत्येक कॅसेट यंत्राच्या एका कोपऱ्यांत तो जाऊन बसला.

आणि येथें माझी स्वतःची गोष्ट येते. आमच्या घरांतहि तसें एक कॅसेट यंत्र होतें. माझी आई १९९४ सालीं गेली. ती ओव्या फार गोड म्हणे. यंत्र घरांत होतें, कोऱ्या कॅसेटहि होत्या. एक बटण दाबावयाचा काय तो अवकाश. परंतु मी नुकताच नोकरीस लागलेला, चार पुस्तकें वाचलेला. हें यंत्र हलकें आहे, याच्या आवाजांत मोटरीची घरघर येते, पगार सांठला कीं चांगलें यंत्र आणूं आणि मग आईच्या ओव्या नीट मुद्रित करूं, असा माझा शहाणपणाचा बेत होता. पगार सांठला, यंत्रहि आलें, आई नव्हती. अल्लादियाखाँसाहेबांच्या निश्चयास कांहीं तरी मोठें कारण असेल. माझें कारण केवळ घरघर.

असो. पुतण्यास घेऊन मी खरेदीस निघालों, आणि इतका इतिहास गांठीं असूनहि पहिली चूक मींच केली. नांवाजलेल्या गायकांच्या चित्रांत जो मोठ्या पडद्याचा कंडेन्सर दिसतो, त्याच्यासारखा दिसणारा व संगणकास थेट जोडतां येणारा एक मायक्रोफोन स्वस्तांत मिळत होता. तो आणला. पहिल्याच रात्रीं मुलानें यमन लावला व आम्ही ऐकावयास बसलों. यमन होता, पण त्याबरोबर इचलकरंजीच्या बाजूनें पसरत आमच्या गल्लीपर्यंत आलेल्या यंत्रमागांची खडखड होती, छताच्या पंख्याची फिरकी होती, शेजारच्या म्हशीच्या साखळीचा खळखळाट होता, आणि सिमेंटच्या उघड्या भिंतींवरून परत फिरलेला मुलाचाच दुसरा आवाज होता. यंत्र वाईट नव्हतें. तें आपलें काम फारच इमानानें करीत होतें. खोलींत जें जें होतें तें सर्व त्यानें ऐकलें होतें. अब्दुल करीमखाँसाहेबांकडून घेतलेला धडा मीं अर्धाच वाचला होता. यंत्र आवाजास साजावें लागतें हें खरें, पण तें जागेसहि साजावें लागतें.

म्हणून येथें, ज्यांस असाच प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठीं, थोडें व्यवहाराचें लिहितों. मायक्रोफोनपासून तोंडाचें अंतर निम्मे केलें, कीं थेट येणाऱ्या आवाजाचा दाब दुप्पट होतो. खोलीचा घुमारा व बाहेरचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. डायनॅमिक मायक्रोफोन गोंगाट गाळतो असें जें म्हणतात त्याचें मर्म हेंच; तो जात्या कमी तिखट कानाचा असतो आणि तोंडाजवळ धरून वापरावयाचा असतो. जेथें यंत्रमाग, रहदारी, उघड्या भिंती आहेत तेथें दिशा ओळखणारा डायनॅमिक बरा. जेथें जुन्या मातीच्या जाड भिंती, कपड्यांनीं भरलेलीं कपाटें आणि रात्रीची खरी शांतता आहे, तेथें त्याच किंमतीचा कंडेन्सर स्वराचा बारकावा अधिक देईल. मात्र फार जवळ गेल्यास खालचे स्वर फुगतात. ख्याल गातांना वीतभर अंतर ठेवावें. प, फ, भ हे वर्ण उच्चारतांना निघणारा वाऱ्याचा झोत पडद्यावर आदळूं नये, म्हणून मायक्रोफोन ओठांच्या अगदीं समोर न धरतां किंचित् बाजूस ठेवावा, किंवा भरतकामाच्या कड्यावर पातळ कापड ताणून मधें धरावें.

आणखी एक हिशेब लोक विसरतात. कंडेन्सरास बहुधा ४८ व्होल्टची वीज बाहेरून पुरवावी लागते. ती देणारी व आवाज संगणकांत पोंचविणारी एक पेटी निराळी घ्यावी लागते. शिवाय तार, स्टँड, कानास लावावयाचें हेडफोन. मायक्रोफोनलाच सर्व पैसे घातले, तर तो खुंटीवर टांगून ठेवण्याची पाळी येते. ज्याचा खिसा लहान, त्यानें संगणकास थेट जोडतां येणारा साधा डायनॅमिक घ्यावा, आणि उरलेल्या पैशांतून कांहींहि न घेतां घरांतल्या गोधड्या बाहेर काढाव्या. गवयाच्या मागें एक, दोन्ही बाजूंस दोन, अशा गोधड्या दोरीवर टाकल्या कीं भिंतींचें बोलणें बंद होतें. पंखा बंद करावा. माग थांबतात त्या वेळेची वाट पाहावी. जगांतील उत्तम स्टुडिओहि दुसरें काय करतात? त्यांच्या भिंतींना गोधड्याच लावलेल्या असतात. त्यांस नांव मात्र निराळें असतें.

पुतण्यानें पहिला मायक्रोफोन बदलून दुसरा, अशाच साध्या जातीचा, आणला. गोधड्या टांगल्या. यमन आतां यमनासारखा ऐकूं येऊं लागला, आणि निषाद कोठें उतरतो तेंहि त्यास कळूं लागलें. येथें त्याचा प्रश्न सुटला. परंतु यंत्र सिद्ध आहे, खोली सिद्ध आहे, आणि आत्या माजघरांत बसलेली आहे, हें पाहून मला स्वस्थ बसवेना. मी तिला म्हटलें, "आत्या, तुझ्या ओव्या म्हण. ह्यांत राहतील." तिनें त्या काळ्या वस्तूकडे पाहिलें, गोधड्यांकडे पाहिलें, दोन ओळी म्हटल्या व थांबली. म्हणाली, "अरं, जात्याबिगर ओवी कशी यायची? हात फिराय लागला म्हंजे तोंड आपसूक चालतंय."

जातें पंचवीस वर्षें परसांत उपडें पडलें होतें. तें धुऊन आंत आणलें. आतां निराळाच पेंच. जात्याची घरघर ओवीस लागते, पण तीच घरघर ओवीस गिळते. येथें मात्र पुस्तकी विद्या उपयोगी पडली. दिशा ओळखणाऱ्या मायक्रोफोनची पाठ बहिरी असते. तेव्हां तो जातें आणि आत्याचें तोंड यांच्या मधोमध, खालून वर तोंड करून, असा बसविला कीं त्याची पाठ जात्याकडे यावी. स्टँडखालीं घडी घातलेली चादर ठेवली, म्हणजे फरशींतून चढणारा हादरा तेथेंच जिरावा. आत्यानें मूठभर ज्वारी टाकली, खुंटा धरला, आणि दोन फेऱ्यांत तिचा आवाज लागला. घरघर उरली ती तंबोऱ्याइतकीच, आणि तेवढी हवीच होती.

चार रात्रीं हें चाललें. शंभरावर ओव्या आठवल्या. कित्येक अर्ध्यावर तुटल्या; "ही पुढं येत न्हाई बग आता," असें म्हणून ती नुसतेंच जातें फिरवीत राही, आणि आम्ही तेंहि मुद्रित केलें. तिसऱ्या रात्रीं एक ओवी म्हणून ती थांबली व सहज म्हणाली, "ही तुझ्या आईची. तिनंच शिकवली मला, नवी लग्न होऊन आली तवा." चाल आईची होती. शेवटचें अक्षर लांबवून खालीं सोडण्याची लकब तर तिचीच. आवाज मात्र आत्याचा. बाळकृष्णबुवांचें गाणें शिष्यांच्या गळ्यांतून कसें येत असेल, हें मला इतक्या वर्षांच्या वाचनानें कळलें नव्हतें, तें त्या रात्रीं कळलें. किती राहतें तेंहि कळलें, आणि काय राहत नाहीं तेंहि.

हें काम मोठ्या प्रमाणावर करणारीं माणसें आपल्याकडे होऊन गेलीं आहेत. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं पुण्यास राहून, १९८० नंतरच्या दशकांत आरंभ करून, खेड्यापाड्यांतील बायांकडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील बहुसंख्य शब्दरूपानेंच आहेत. १९९० नंतर बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें कांहींचें ध्वनिमुद्रणहि झालें. लाख ओव्यांचे शब्द राहिले, हीच केवढी गोष्ट! पण पिठाची गिरणी आली, जातीं उपडीं पडलीं, आणि ज्या गळ्यांत ह्या चाली आहेत ते गळे आज ऐंशीच्या घरांत आहेत. प्रत्येक गल्लींत असें एक तरी माजघर असेल. तेथें संशोधक पोंचेपर्यंत थांबतां येणार नाहीं. तेथें घरच्या मुलानेंच पोंचलें पाहिजे.

पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर, तें पाहूं जातां, अगदीं लहान आहे. आपल्या आवाजाला आणि आपल्या खोलीला साजेल असा, आजच्या आज परवडेल तो मायक्रोफोन घ्यावा. तोहि नसेल तर खिशांतल्या मोबाइलमध्यें जो आहे, तो रहिमतखाँसाहेबांपुढच्या कर्ण्याहून शतपटीनें चांगला आहे. दार लावावें, पंखा बंद करावा, आणि घरांतल्या वडील माणसास म्हणावें, "जरा म्हणा." पुढल्या दिवाळीस अधिक चांगलें यंत्र बाजारांत येईल, यांत शंका नाहीं.